पायांसकट

नाक्यावरच्या ज्या स्टुडिओत मी फोटो काढायला शिकले, तिथे एक मनगटी घड्याळ होतं. ते बंदच होतं, पण त्याच्याइतकी ड्युटी भिवंडीत कुणी केली नसेल. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे. कामगार आंघोळी उरकून, केसांना तेल चोपडून, दूरच्या गावी पाठवायला फोटो काढून घ्यायला यायचे. ते घड्याळ एकाच्या मनगटावरून निघून दुसऱ्याच्या मनगटावर चढायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा पट्टा घामाने चिंब व्हायचा.

स्टुडिओच्या मालकांना सगळे चाचा म्हणायचे. मला त्यांनी ठेवून घेतलं त्यात माझ्या कलेचा काही संबंध नव्हता. गल्लीतल्या बुरख्यातल्या बायकांचे फोटो काढायला एक मुलगी हवी होती, आणि कॉलेज सुटल्यावर रिकामी असलेली मी समोर होते. वडिलांनी नाक मुरडलं. आई म्हणाली, "शिकू दे." आमच्या घरात आईच्या 'शिकू दे'वर अपील नव्हतं.

माझ्या पहिल्या फोटोंपैकी एकात मी एका कामगाराला गुडघ्यांपाशी कापलं होतं. मला वाटलं, चेहरा मोठा आला, छान झालं. चाचांनी तो ओला प्रिंट चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरला. "पैर किधर गये? इसकी माँ गाँव में देखेगी. उसको देखना है कि बेटा अपने पैर पे खड़ा है. पूरा आदमी लो, बेटी." त्या माणसाला त्यांनी पुढच्या शुक्रवारी परत बोलावलं, परत घड्याळ चढवलं, आणि मी परत फोटो काढला. पायांसकट. हे १९८५-८६च्या सुमाराचं असेल.

पुढे मी ठाण्याच्या एका दैनिकाला फोटो द्यायला लागले आणि सगळं उलटं झालं. रविवारच्या पुरवणीचं पान लावणारे साहेब लाल पेन्सिल आणि स्केल घेऊनच बसलेले असायचे. माझा फोटो टेबलावर पडला की त्यांची पेन्सिल आधी खाली जायची. "वाचकाला पाय दाखवून काय करायचंय? चेहरा म्हणजे फोटो." मग एक लाल रेघ, आणि माणूस कंबरेखाली गायब. मी मनातल्या मनात त्यांना 'कसाई' म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, चौकटीची अक्कल मला त्यांनीच दिली. फोटोत एकाच गोष्टीला बोलू द्यायचं, दोन बोलायला लागल्या की बाजार होतो. रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नसते. मागचा खांब माणसाच्या डोक्यातून उगवता कामा नये. पानाची घाई असतानाही ते खुर्ची ओढून मला शेजारी बसवायचे आणि प्रत्येक रेघ का मारली ते सांगायचे. एवढं शिकवणारा कसाई मिळायलाही नशीब लागतं.

मग त्यांनी मला एक मोठं काम दिलं. भिवंडीभोवतीच्या गावांत भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहत होती. त्यावर पुरवणीचं पहिलं पान करायचं होतं. मजकूर दुसरं कुणी लिहिणार होतं, फोटो मात्र एकच, मोठा, माझा. "नुसत्या भिंती आणू नका," ते म्हणाले. "माणूस आणा."

घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती. ती आरोग्य केंद्रात नर्स होती आणि तिचं अर्धं आयुष्य लशींचा डबा खांद्याला लावून गावं फिरण्यात गेलं होतं. 'असाइनमेंट' हा माझा शब्द ऐकला की ती हसायची. त्यांच्याकडे त्याला 'फेरी' म्हणायचे.

"कुठे जाणारेस?"

"राहनाळ, दापोडे. गोदामांकडे."

"गोदामं काही पळून जात नाहीत. माणूस कोण?"

"जाऊन बघेन."

"जाऊन बघेन म्हणजे काय गं?" तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी डबा घेऊन अशी जाऊन बघत फिरले असते, तर बर्फ वितळून सगळी लस फुकट गेली असती. निघायच्या आधी ठाऊक असावं लागतं, कुठली बाई घरात सापडेल, कुठली शेतावर, कुणाच्या ओट्यावर बसलं की चार घरं आपोआप गोळा होतील. तुझ्या त्या रोलचंही तसंच ना? मोजकाच असतो ना?"

रोल मोजकाच असायचा, हे खरंच होतं. फोटोच्या कामाची आखणी कशी करावी हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. ते मी मेथीच्या जुडीसमोर बसून शिकले, आणि नोकरीभर तेच वापरलं.

"आपण काकीकडे जाऊ," आई म्हणाली.

काकी नात्यातली नव्हे, दापोड्याची. वय झालेली, ताठ, शेतावर राबणारी विधवा बाई. तिच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा आईने तिला सोडवलं होतं. त्याआधी कित्येक फेऱ्या आईला त्या घरात ओट्यापर्यंतच जागा होती. पाणीही वरून ओतायचे. आम्ही बौद्ध, आणि गावाला ते विसरता येत नव्हतं. बाळंतपण झालं त्या दिवशी मात्र काकीने आईला हाताला धरून चुलीशी नेऊन बसवलं आणि स्वतः चहा करून दिला. त्याबद्दल ना काकी कधी काही बोलली, ना आई. मला विचाराल तर मला त्या ओट्याचा अजून राग येतो. आणि त्या चहाबद्दल बरंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

पहिल्या दिवशी आईने मला कॅमेरा पिशवीतून काढूच दिला नाही. आम्ही नुसत्या बसलो. भिंतीवर वर, पार आढ्याजवळ, फोटोंची रांग होती. काकीचा नवरा, सासरा, दीर. सगळे छातीपर्यंत, सगळ्यांना हार. मी काय काम काढून आले ते आईने सांगितलं. काकीने भिंतीकडे बोट केलं.

"तसला अर्दा फोटू काडनार आसंल तं न्हाय. अर्दा फोटू मेलेल्या मानसाचा. मना अर्दी करू नको, पोरी. पाय आलं पायजेत."

"येतील, काकी."

"आन् माज्या शेतान आलं पायजेत. ह्यो भात कापला का पोरं शेत देनार हायत, गोडाऊनला. कागुद झालाय. मी कनाला आडवू? त्यांचं पन पोट हाय." तिने पुन्हा भिंतीकडे बघितलं. "पन नातवंडं इचारतील, आजी कुटं व्हती? तं पेपरान दिसाया पायजे. हितं व्हती. ह्या मातीन उबी व्हती."

मी म्हटलं, "शब्द देते, काकी. पाय येतील. तुमच्या शेतातच येतील."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शब्द दिलास. पेपरातली पेन्सिल तुझ्या हातात आहे का?"

ती नव्हतीच. कापणी झाली की शेतावर भरावाचे ट्रक येणार होते, म्हणजे दुसरी संधीही नव्हती. आणि फोटो चांगला आला तरी साहेबांची लाल रेघ नेमकी पायांवरून जाणार, हे मला चाचांच्या घड्याळाइतकं पक्कं ठाऊक होतं. ते घड्याळ कधी हललं नाही तशी ती रेघही कधी हलली नाही.

मग मी फेऱ्या सुरू केल्या. शेताच्या पश्चिमेला आधीच एक गोदाम झालं होतं. दुपार कलली की त्याची सावली अख्ख्या शेतावर पसरायची, म्हणजे दुपार बाद. सकाळी दव असेतो कुणी विळा लावत नसे. दव सुकल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंतचा जो वेळ, तेवढाच माझा. तेव्हा ऊन पूर्वेकडून येणार, काकीच्या तोंडावर आणि तिच्या मागच्या गोदामाच्या शटरवर. इथवर सगळं बरं होतं.

पण उभी राहून बघितलं की चौकटीत गोदामाची भिंत तेवढी दिसायची. शेताची एक कड आधीच कापून झाली होती; तिथे काकीच्या जागी मी आईला उभं केलं, तर ती भिंतीला चिकटवल्यासारखी वाटली आणि पाय धसकटांत हरवून गेले. शिवाय माझी स्वतःची लांब सावली तिच्या अंगावर. मी कंटाळून खाली बसले, धसकटांत गुडघे टेकवून, नुसता श्वास घ्यायला. आणि तशीच कॅमेऱ्यातून बघते तो काय, सगळं जागेवर आलं होतं. माझी सावली आखडून चौकटीबाहेर गेली. आईचे पाय पुढे, मोठे, मातीसकट. तिथून ती वर वर जात होती आणि तिचं डोकं गोदामाच्या छपराच्याही वर, मोकळ्या आभाळात होतं. गोदाम तिच्या मागे बुटकं झालं होतं.

"झालं का?" आई ओरडली. "उन्हात उभी करून ठेवलीय म्हातारीला."

झालं होतं. आता कुणी पाय कापायला गेलं तर मागे फोटोच उरणार नव्हता. पाय हाच फोटो होता. मला वाटलं, साहेबांच्या पेन्सिलीला मी चांगलंच अडवलं.

कापणीच्या दिवशी काकी आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. केस चापून बसवलेले. पाय घासूनपुसून लख्ख. आणि काखेत एक धुतलेलं गोणपाट. ते तिने शेतात अंथरलं आणि त्यावर उभी राहिली, हात अंगाशी, नजर समोर, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी.

"काकी, गोणपाट कशाला?"

"तं काय चिखलाच्या पायांनी पेपरान जाऊ?"

सुना खुदखुदत होत्या. आईने मला डोळ्याने दटावलं. मी काकीचा फोटो तिच्या मनासारखा काढला, गोणपाटावर, पायांसकट. ती समाधानाने हुश्श म्हणाली, लुगड्याचा काचा मारला, गोणपाटावरून खाली उतरली, विळा उचलला आणि निम्म्या कापलेल्या भाताकडे निघाली. दोन पावलं गेल्यावर तिला काही आठवलं आणि तिने वळून बघितलं. मी गुडघ्यांवर होतेच.

"आता आनखी काय बगतंस?" ती म्हणाली, तोपर्यंत फोटो निघाला होता.

फिल्म चाचांच्या डार्करूममध्ये धुतली. मग प्रिंट काढताना लाल दिव्याखाली ट्रेमधल्या पाण्यातून आधी तिचे पाय वर आले, मग विळा, मग ती, मग मागचं शटर. चाचा माझ्या खांद्यावरून बघत होते. "वाह," ते म्हणाले. "पूरी औरत."

तो मोठा प्रिंट घेऊन मी ठाण्याला गेले. साहेबांनी बराच वेळ बघितला आणि पेन्सिल खाली ठेवली. तसं त्यांना करताना मी पहिल्यांदाच बघितलं. तरी मी म्हटलं, "साहेब, काही झालं तरी पाय कापू नका. मी शब्द दिलाय." त्यांनी प्रिंटच्या मागे माझ्यासमोर लिहिलं, 'पाय कापू नयेत', आणि खाली सही ठोकली.

रविवारी सकाळी एसटी स्टँडवर मी पेपर उघडला. पानावर काकीचे पाय होते. धसकटं होती, माती होती, विळा होता, मागे शटर होतं. कंबरेच्या वर काहीही नव्हतं. फोटोच्या डोक्यावर आडवी जाहिरात होती आणि काकीचं डोकं त्या जाहिरातीने खाल्लं होतं.

मी पीसीओमध्ये घुसले. साहेबांना फोन लावला. पलीकडून साहेब म्हणाले, "अहो, जाहिरात ऐनवेळी आली. उंची कमी करायचीच होती. तुम्ही म्हणालात पाय कापू नका, मी खालून एक सूतही घेतलं नाही. सगळं वरून घेतलं." त्यांचा आवाज अगदी खुशीत होता. त्यांनी शब्द पाळला होता. मला त्यांच्यावर ओरडताही येईना आणि न ओरडता राहवेना. मी फोन ठेवून दिला.

अर्धी करू नको म्हणाली होती ती. आणि अर्धी करायला निदान लोक वरचा अर्धा भाग तरी ठेवतात.

घरी आई पेपर बघून एकच वाक्य बोलली. "चल, आत्ता जाऊ. उद्या दुसऱ्या कुणी दाखवला तर वाईट."

आम्ही दापोड्याला पोचलो तेव्हा काकी अंगणात भाताच्या झोडणीच्या तयारीत होती. मी पेपर तिच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगितलं, जाहिरात, उंची, साहेब, माझी चूक नाही, माफ करा. तिला वाचता येत नव्हतं. तिने पेपर उन्हाकडे धरला. मग चटईवर पसरला. मग त्या फोटोतल्या उजव्या पायाच्या वाकड्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं आणि आपल्या पायाकडे बघितलं.

"हिच्यावं इळा पडलेला. लगीन झालं त्या सालाला," ती सुनेला म्हणाली. "माजेच पाय हायत ह्ये."

"काकी, पण तोंड नाही आलं."

"माजं त्वांड कुनाला ठावं न्हाय?" ती म्हणाली. "पाय कुटं हायत, त्ये दिसाया पायजे व्हतं. दिसतंय. ह्यो बांद बग, ह्यो आमचाच." आणि मग तिला हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसली. "मुंडकं काय, मेल्याव लावतीलच की भिताडाव!"

सुना हसल्या, आई हसली, आणि मी तिथे ओट्यावर बसून चक्क रडले. इतकं हलकं मला कुठल्याही बक्षिसाने नंतर वाटलं नाही.

मी दोन्ही फोटोंचे पूर्ण प्रिंट तिच्यासमोर ठेवले, गोणपाटावरचा आणि वळून बघतानाचा. मला वाटलं, ती गोणपाटावरचा घेईल. तिने तो हातात घेतला, बघितला आणि बाजूला सारला. "ह्यात मी पोत्याव हाय. शेतान न्हाय." दुसरा तिने पदराखाली घालून घरात नेला.

झोडणी झाली आणि ट्रक आले. पुढच्या वर्षी त्या जागी गोदाम उभं राहिलं. साहेब नंतरही माझे फोटो कापत राहिले, पण कापण्याआधी एकदा मान वर करून माझ्याकडे बघायचे, आणि मला तेवढं पुरायचं. चाचांचा स्टुडिओ रंगीत झाला, घड्याळ मात्र तेच राहिलं.

काकी गेली ती नव्वदचं दशक संपताना. आई तोवर निवृत्त झाली होती. बाराव्याला आम्ही दोघी दापोड्याला गेलो. घराला लाद्या बसल्या होत्या. वर आढ्याजवळ जुन्या फोटोंची रांग तशीच होती, छातीपर्यंतची माणसं. त्या रांगेत काकी नव्हती.

ती खाली होती. दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, माझा तोच फोटो मोठा करून लावला होता. डोकं आभाळात, हातात विळा, मागे बुटकं गोदाम. हार गळ्यातून पार पायांपर्यंत आलेला.

"इतका खाली का लावला?" मी तिच्या मुलाला विचारलं.

"आई सांगून गेलती, मना अर्दी करू नका. मंग हिला पाय हायत ना," तो म्हणाला. "वर लावून पाया कशा परनार?"

तेवढ्यात त्याची मुलगी आतून आली. माझ्या आईने सोडवलेल्या बाळंतपणात जन्मलेली ती हीच. ती आता आजीच्या शेतावरच्या त्या गोदामात ऑफिसात कामाला होती, आणि तिची शिफ्टची वेळ झाली होती. पर्स खांद्याला लावून ती दाराशी वाकली, फोटोतल्या पायांना बोटं लावून कपाळाला नेली, माझ्या आईच्या पाया पडली आणि ड्युटीवर गेली.

मग आई वाकली. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला हात द्यावा लागला. नंतर माझी पाळी. वाकून भागेना, म्हणून मी लादीवर गुडघे टेकले. शेतात टेकले होते तसेच. पाय बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होते.